संगणक, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपल्या मराठी शाळा

(बेळगाव येथे मंडळाच्या वार्षिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते बँकेत लिपिक असून मंडळाच्या अभ्यासिकेचे काम पाहतात.)



या विषयावर बोलायचा आग्रह झाला तेव्हा आम्हीच विचारले, की बँकेतल्या कारकुनाने शिक्षणावर काय बोलावे? आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, आमचा संबंध व्हाउचरशी. कार्यवाह म्हणाले, ‘तुम्ही कामाच्या जागी संगणक येताना पाहिला आहे, तेवढेच सांगा.’ म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

आम्ही नोकरीला लागलो तेव्हा जाडजूड लेजरे कपाटात जाऊन कोअर बँकिंग येत होते. त्याआधी, १९८० च्या दशकात, रंगराजन समितीने बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा दिला तेव्हा कर्मचारी संघटनांनी जोरदार विरोध केला होता. आमचे ज्येष्ठ सहकारी त्या मोर्चांच्या आठवणी सांगत. सगळा वाद नोकऱ्या जातील की राहतील, यावर होता. भाषेचे काय होईल, हे कोणी विचारले नाही.

लेजरच्या काळात वडगाव, शहापूर, अनगोळ भागातल्या आजीबाई मराठीत भरलेली स्लिप घेऊन येत. काउंटरवरच्या माणसाला मराठी वाचता येई, तो नोंद करी, काम होई. यंत्र आले आणि नाव इंग्रजी अक्षरांत हवे झाले. छापील फॉर्म कन्नड, हिंदी आणि इंग्रजी. एटीएमच्या पडद्यावरही बहुधा याच तिघी. मराठी बंद करा, असा फतवा कोणी काढल्याचे आम्ही पाहिले नाही. मराठीसाठी रकानाच ठेवलेला नव्हता, एवढेच झाले. आपली चळवळ आदेशांविरुद्ध लढायला शिकली आहे. नसलेल्या रकान्याविरुद्ध निवेदन कोणाला द्यायचे, हे मात्र आपल्याला अजून समजलेले नाही. शाळांच्या बाबतीत आज तीच वेळ आली आहे, म्हणून हे सांगितले.

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली. आपल्या भागातल्या मुलांचे त्या वर्षी काय झाले ते आठवा. कर्नाटकात चंदन वाहिनीवरून पाठ सुरू झाले, ते कन्नडमध्ये. महाराष्ट्रात जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका आली. पहिली ते आठवीच्या मराठी मुलांसाठी ती चांगली होती, आपल्याकडेही घरोघरी दिसत होती. पण ती बालभारतीच्या पुस्तकांवर बेतलेली. आपल्या मराठी शाळांत पुस्तके कर्नाटकाची, धडे वेगळे, क्रम वेगळा. एका वाहिनीवरची भाषा आपली नाही आणि दुसऱ्या वाहिनीवरचे पुस्तक आपले नाही, अशा फटीत आपली मुले दीड वर्ष बसली. मोबाईलवर वर्ग भरत म्हणावे तर घरात मोबाईल एकच, आणि तो बापाबरोबर सकाळी उद्यमबागेतल्या फौंड्रीत गेलेला. संध्याकाळी सात वाजता बाप घरी आला की मुलाची शाळा भरे.

त्यानंतर मोबाईल वाढले. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला असे सांगणारी सुमारे ५७ टक्के, आणि समाजमाध्यमांसाठी वापरला असे सांगणारी सुमारे ७६ टक्के. हा फरक कोणत्याही पालकाला नवा नाही.

नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि प्रश्नाचे रूप बदलले. तोपर्यंत यंत्र धडा दाखवीत होते, आता ते उत्तर देऊ लागले. आमच्या अभ्यासिकेत एस.एस.एल.सी.ला बसणारी पंचवीस-तीस मुले येतात. त्यांच्यात घडलेला एक प्रसंग सांगतो.

एका मुलाला गणित होते: पाच हजार रुपयांचे द.सा.द.शे. बारा दराने तीन वर्षांचे सरळव्याज काढा. त्याने मोबाईलवर विचारले, यंत्राने उत्तर दिले २०२४ रुपये ६४ पैसे, त्याने वहीत उतरवले. व्याज हा आमच्या पोटापाण्याचा विषय, त्यामुळे नजर तेथेच अडली. ते चक्रवाढव्याज होते. सरळव्याज १८०० रुपये होते. ‘दर साल दर शेकडा’ हे आपल्या आजोबांच्या काळापासूनचे शब्द, त्यांवर यंत्र कोठेतरी घसरले असावे. मुलाला म्हटले, त्याला सांग चुकले म्हणून. यंत्राने तत्काळ दिलगिरी व्यक्त केली आणि १८०० लिहिले. मग आम्ही मुद्दाम लिहायला लावले, की नाही, पहिलेच बरोबर होते. यंत्राने पुन्हा दिलगिरी व्यक्त केली आणि २०२४ वर परत आले! मुले हसली. आम्हाला हसू आले नाही. काउंटरवरचा कारकून प्रत्येक ग्राहकाचे म्हणणे असे मान्य करू लागला तर संध्याकाळी कॅश जुळायची नाही. त्या मुलाचे वडील हातउसने आणि सहकारी सोसायटीचे कर्ज यांत अडकलेले आहेत. सरळ आणि चक्रवाढ यांतला फरक त्या घरात परीक्षेपुरता नाही.

अलीकडची यंत्रे असे गणित बहुतेक वेळा बरोबर सोडवतात, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चूक दुरुस्त होईल. वहीत उतरवायची सवय कशी दुरुस्त होणार, हा आमचा प्रश्न आहे.

याबाबत तुर्कस्तानात झालेला एक प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. तेथील एका माध्यमिक शाळेतल्या सुमारे एक हजार मुलांवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी तो केला आणि २०२५ मध्ये तो रीतसर प्रसिद्ध झाला. गणिताच्या सरावाच्या वेळी काही मुलांना साधे चॅटजीपीटीसारखे साधन दिले, काहींना थेट उत्तर न देता फक्त सूचना देणारे साधन दिले, काहींना काहीच दिले नाही. साधे साधन मिळालेल्या मुलांचा सराव ४८ टक्क्यांनी सुधारला. मग साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा हीच मुले, ज्यांना काहीच दिले नव्हते त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. सूचना देणारे साधन वापरणाऱ्यांचे मात्र तसे नुकसान झाले नाही. म्हणजे यंत्र तेच. त्याला उत्तर द्यायला लावले की पांगुळगाडा होतो, आणि विचारायला लावले की मास्तर होतो.

दुसरा प्रयोग आपल्याच देशातला. दिल्लीत २०१५ मध्ये माध्यमिक वर्गांतल्या गरीब घरच्या सहाशेवर मुलांपैकी सोडतीने निवडलेल्यांना शाळेनंतर संगणकावर शिकायला बसवले. माइंडस्पार्क नावाची प्रणाली होती. ती आधी मुलाची चाचणी घेई आणि तो खरोखर जेथे आहे तेथून शिकवी. यत्ता आठवी असली तरी गणित चौथीचे येत असेल तर चौथीपासून. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत, दोन्हींत ठळक प्रगती दिसली. पन्नास मुलांच्या वर्गात शिक्षकाला हे करणे शक्य नसते, हे येथे बसलेल्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको. म्हणून ‘यंत्र नको’ असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे बँकेतल्या जुन्या मोर्चासारखे होईल. फक्त एवढे ध्यानात घ्या, की दिल्लीत मुले शिकली ती हिंदी प्रणालीवर, आणि त्यांच्या घरच्या हिंदीशी ती मिळतीजुळती होती.

आता मराठीकडे येतो. ही यंत्रे बोलायला कशी शिकतात? प्रचंड मजकूर वाचून, एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ती मोजत जातात. ज्या भाषेत मजकूर जास्त, तिच्यात ती तरबेज. इंग्रजी विकिपीडियात सत्तर लाखांच्या आसपास लेख आहेत, २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात लाखाच्या आसपास. त्यात अनेक यंत्रे देवनागरी शब्दाचे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे करून वाचतात, म्हणजे तेवढ्याच मजकुराला खर्च अधिक. आणि जेथे मराठी कमी पडते तेथे शेजारची हिंदी आत येते. आमच्या मुलांना ‘समकोण त्रिभुज’ असे उत्तर मिळाले आहे, ‘मूलधन’ मिळाले आहे, अपूर्णांकाला ‘भिन्न’ मिळाले आहे. काटकोन त्रिकोण आणि मुद्दल हे शब्द ज्यांच्या पुस्तकात आहेत त्या मुलांना हे वाचून वाटते की आपलेच काहीतरी चुकते आहे. यंत्राचे चुकत असेल असे चौदा वर्षांच्या मुलाला वाटत नाही. त्याच्या बापालाही वाटत नाही.

या जागी रणजितसिंह डिसले गुरुजींची आठवण करणे योग्य होईल. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले हे शिक्षक, त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, रक्कम दहा लाख डॉलर, आणि त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. वर्तमानपत्रांत गाजले ते पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमुळे. पुरस्कार देणाऱ्यांनी जी माहिती दिली तिच्यातली दुसरी गोष्ट आपल्यासाठी अधिक मोलाची आहे. त्यांच्या शाळेतल्या मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तके मराठी. गुरुजींनी आधी कन्नड शिकून घेतली, मग पहिली ते चौथीची पुस्तके नव्याने मांडली, आणि त्यानंतर त्यांवर ते चौकोन छापले. सीमेच्या पलीकडे, आपल्या नेमक्या उलट परिस्थितीतल्या मुलींसाठी एका मराठी माणसाने हे केले. आपण गेली कित्येक दशके जे मागत आलो आहोत, ते मूल ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत शिकवणे, यापेक्षा वेगळे काही नाही. ते कन्नड मुलांनाही मिळाले पाहिजे, हे आपल्या व्यासपीठावरून मोकळेपणाने म्हणायला काही हरकत नसावी.

याच्या उलट अनुभवही आहे. आमच्या मुलांनी एका पुस्तकातले असे चौकोन एकेक करून मोबाईलवर उघडून पाहिले. काहींमागे मराठी पाठ निघाला, काहींमागे दुसऱ्याच भाषेतला, एक-दोन उघडलेच नाहीत. पुस्तकाचे नाव येथे घेत नाही. पण पुस्तक मराठीत छापले म्हणजे मराठी माध्यम चालवले, अशी नोंद सरकारी कागदावर होते, आणि चौकोनामागे काय आहे हे कोणी तपासत नाही. रकाना आहे, आत भरणा नाही.

आता राजकीय भाग. १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेपासून एक मोजमाप चालत आले आहे. शाळेत चाळीस किंवा एका वर्गात दहा मुले त्या भाषेची असतील तर तिच्यातून शिकवणाऱ्या शिक्षकाची सोय करावी. पुढे १९५६ मध्ये घटनेत ३५० अ हे कलम आले, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करणे राज्यांचे काम ठरले. चाळीस आणि दहा हे आकडे आपल्या गावोगावच्या शाळासुधारणा समित्यांना तोंडपाठ आहेत. दहावे मूल इंग्रजी शाळेत गेले की नऊ उरतात, आणि नवांवर शिक्षकाचे पद टिकवणे किती कठीण, हे खानापूरच्या खेड्यांतल्या मंडळींनी आम्हाला सांगण्याची गरज आहे, आम्ही त्यांना नव्हे. पालकांनाही दोष देता येत नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा मानला आहे, आणि आमच्या बँकेतल्या मराठी सहकाऱ्यांची किती मुले मराठी शाळेत आहेत, हे विचारले तर खाली पाहावे लागेल. आम्हालाही.

उद्या या नऊ मुलांपुढे कोणता युक्तिवाद येईल? ‘शिक्षक कशाला? यंत्र भाषांतर करून देईल. कन्नड शिक्षक शिकवील, मुलांच्या कानाला मराठी ऐकू येईल.’ ही कल्पनेची गोष्ट राहिलेली नाही. केंद्र सरकारची ‘भाषिणी’ ही योजना २०२२ मध्ये सुरू झाली, मद्रास आयआयटीतल्या ‘एआय फॉर भारत’ या गटाने २०२३ मध्ये बावीसही अनुसूचित भाषांत भाषांतर करणारी प्रणाली सर्वांना खुली केली. कन्नड-मराठी त्यात आहे. काम चांगले आहे, आम्ही स्वतः वापरतो. कन्नडमध्ये आलेले परिपत्रक मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरले की मराठीत वाचता येते. कित्येक पालकांना शाळेची नोटीस पहिल्यांदाच कळू लागली. ज्या भागात अल्पसंख्याक भाषिक पंधरा टक्क्यांवर आहेत तेथे परिपत्रके त्यांच्या भाषेतही द्यावीत, हे मान्य होऊन साठ वर्षे झाली. त्यासाठी आपण मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, आणि ते काम शेवटी मोबाईलने केले, असे एका तरुणाने आम्हाला ऐकवले. त्याला उत्तर देताना आम्ही थोडे अडखळलो.

उत्तर असे आहे. मोबाईलने वाचून दाखवलेले परिपत्रक हा पुरावा होत नाही. त्यात भाषांतर चुकले आणि अर्जाची तारीख हुकली तर जबाबदार कोण? बँकेत आम्ही ग्राहकाला मोबाईलवरच्या भाषांतरावर सही करू देत नाही. सरकारने मराठीत दिलेल्या कागदावर अधिकाऱ्याची सही असते, आणि सहीला धरता येते. तीच गोष्ट शिक्षकाची. भाषांतर ऐकून धडा समजेलही. पण ‘सर, समजलं नाही’ हे मराठीत म्हणायला समोर मराठी समजणारा माणूस लागतो, आणि मूल गप्प का आहे हे यंत्राला दिसत नाही. म्हणून आपल्या पुढच्या निवेदनात हे शब्द स्पष्ट असावेत, असे आमचे म्हणणे आहे: भाषांतराची साधने शिक्षकाच्या हाताशी द्या, शिक्षकाच्या पदाऐवजी नव्हे. आणि मराठी माध्यमाच्या पुस्तकांमागचा संगणकीय मजकूर मराठीतच आहे की नाही, याची तपासणी दरवर्षी शाळा सुरू होण्यापूर्वी पालक प्रतिनिधींसमोर व्हावी. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याचे व्हायचे ते होईल. तोवर दरवर्षी एक तुकडी दहावी होऊन बाहेर पडते, तिला थांबता येत नाही.

सरकारकडे मागायचे ते मागू. आपल्या हातातलेही थोडे आहे, आणि तेथे आपली बाजू लंगडी आहे. आपल्या या वार्तापत्राचे जुने अंक संगणकावर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेले आहेत. कागदावर मराठी दिसते, पण यंत्र ती फाईल उघडते तेव्हा त्याला इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणजे सीमाभागातल्या मराठीचा जो थोडा मजकूर आपण स्वतः तयार केला, तोही यंत्राच्या दृष्टीने अस्तित्वात नाही. आपल्या बोलीतले शब्द, गल्ल्यांची नावे, आंदोलनांच्या तारखा, हुतात्म्यांच्या आठवणी, यांतले काही विचारले तर यंत्र एक तर गप्प बसते किंवा ठोकून देते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. पेढे वाटायला हरकत नाही. पण भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश आणि मराठी विश्वकोश संगणकावर फुकट उपलब्ध आहेत, ते त्या दिवसापर्यंत आपल्यापैकी किती जणांनी उघडून पाहिले होते? आम्ही तरी नव्हते.

अभ्यासिकेत गेल्या जूनपासून आम्ही एक नियम केला आहे. मोबाईलला उत्तर विचारायचे नाही, आपले सोडवलेले उत्तर दाखवून ‘कोठे चुकले ते सांगू नकोस, मला एक प्रश्न विचार’ असे मराठीत लिहायचे. यंत्राच्या उत्तरात हिंदी किंवा चुकीचा शब्द सापडला तर तो भिंतीवरच्या फळ्यावर, बरोबर मराठी शब्दासह. पहिल्या महिन्यात फळा भरला. मुलांना त्याची चटक लागली. यंत्राची चूक पकडण्यासाठी आधी पुस्तक वाचावे लागते, हे त्यांच्या लक्षात यायला आठ दिवस लागले. निकालात फरक पडेल का, ते आता सांगता येणार नाही. एक मुलगी मात्र परवा म्हणाली, ‘सर, ते आपल्यापेक्षा कच्चं आहे की हो मराठीत.’ ती सांबरा रस्त्यावरच्या एका वस्तीतून दोन बस बदलून येते.

जुने अंक युनिकोडमध्ये आणण्याचे काम येत्या रविवारपासून कार्यालयात सुरू होत आहे. फॉन्ट बदलण्याची सोय आमच्या एका तरुण मित्राने केली आहे, पण त्यात जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, ते माणसालाच वाचून दुरुस्त करावे लागतात. निवृत्त शिक्षकांची गरज आहे. यादी कार्यवाहांकडे आहे, सकाळी दहाला यावे आणि येताना वाचायचा चष्मा आठवणीने आणावा. गेल्या खेपेला चौघांत एकच होता.